गाडीची कंपनी विकली जातेय, आमच्या ब्रॅकेटचं काय?

वाचकाचं पत्र : कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी, म्हणजे धातू कापणारी संगणकचालित मशीन, आणि ९ कामगार. मिस्टर मशीनवर असतात, मी हिशेब, बिलं आणि डिस्पॅच बघते. आमचं जवळजवळ ७० टक्के काम एकाच पार्टचं आहे, इंजिन माउंटिंग ब्रॅकेट. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशीनिंग करून चाकणच्या एका मोठ्या व्हेंडरला देतो आणि तो पुढे गाडीच्या कंपनीला. ती कंपनी दोन वर्षं अडचणीत आहे. चाकणवाल्यांचं पेमेंटही नव्वद-शंभर दिवसांवर गेलंय. आता तिच्याच प्रतिस्पर्धी कंपनीने तिचा निम्म्याहून जास्त हिस्सा घ्यायचं ठरवल्याची बातमी आली. भाऊजी म्हणतात, मोठा मालक आला, ऑर्डर दुप्पट होणार. तासगावची द्राक्षबाग तारण ठेवून तिसरी व्हीएमसी घेऊ. मिस्टर म्हणतात, हे कामच सोडू. सासऱ्यांकडे त्या कंपनीचे थोडे शेअर्स आहेत, त्यांचं काय करायचं तेही कळत नाही. सल्ला द्यावा. — एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन्ही कंपन्यांची नावं कळवलीत, पण ती इथं छापत नाही. तुमची बिलं अजून अडकलेली आहेत.

बागेचं आधी सांगते, कारण घाई तिथं आहे. बाग तारण ठेवू नका. भाऊजींची उमेद मला समजते. पेमेंटसाठी फोन करून करून जीव मेटाकुटीला आल्यावर अशी बातमी कुणालाही गोडच लागणार. पण तुमच्या नावाने एका नगाचंही वाढीव शेड्यूल अजून आलेलं नाही. द्राक्षाचं गणित एका अवकाळीत कसं कोलमडतं ते तासगावच्या घराला मी काय सांगणार? एका गिऱ्हाइकाच्या एका पार्टवर विसंबून त्याच बागेवर हप्ता बसवला, तर शॉप आणि शेत दोन्ही एकदम धोक्यात येतील.

आता मोठ्या मालकाचं. हिस्सा विकत घेतला जातो तेव्हा कंपनी तीच राहते, फक्त भागधारक बदलतात. तिची देणी तिच्याच खात्यावर राहतात. ७० टक्के शेअर्स घेतले म्हणजे ७० टक्के उधारी डोक्यावर घेतली, असं कायद्यात कुठंही नाही. हे सांगायला माझ्याकडे आपल्याच मातीतल्या कंपनीचं उदाहरण आहे. २०११ मध्ये महिंद्राने कोरियाच्या सँगयाँग मोटरचा ७० टक्के हिस्सा घेतला. सँगयाँगने तोपर्यंत बरंच भोगलं होतं. आधी देवूकडे, मग २००४ मध्ये चीनच्या एसएआयसीकडे ताबा गेला, २००९ च्या सुरुवातीला ती न्यायालयाच्या देखरेखीखाली आली आणि त्याच वर्षी प्योंगटेकच्या कारखान्यात कामगारांनी ७७ दिवस संप केला. महिंद्रा आल्यावर २०१५ मध्ये टिवोली ही छोटी एसयूव्ही निघाली, तिने कंपनीला थोडी उभारीही दिली. पण एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या तडाख्यात महिंद्राच्या संचालक मंडळाने आणखी मोठी रक्कम घालायला नकार दिला. त्या वेळी त्यांचा हिस्सा सुमारे ७५ टक्के होता. डिसेंबरमध्ये सँगयाँग पुन्हा न्यायालयाच्या दारात गेली. थकबाकीच्या धास्तीने काही पुरवठादारांनी माल थांबवला आणि त्यापायी कारखाना वरचेवर बंद ठेवावा लागला. २०२२ मध्ये केजी समूहाने ती घेतली, आता तिचं नाव केजी मोबिलिटी आहे. जुन्या पुरवठादारांना थकलेल्या रकमेतला थोडाच भाग रोख मिळाला.

महिंद्राचं त्यात चुकलं असं मी म्हणत नाही. स्वतःच्या भागधारकांचा पैसा किती काळ ओतायचा हे ठरवण्याचा हक्क मालकाला असतोच. आणि तो हक्क वापरायची वेळ आली की व्हेंडरच्या बिलांचा विचार शेवटी होतो.

कंपनी वाचली तरी तुमचं काम वाचेल याचीही खात्री नाही. मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनोने निसानचा ३६.८ टक्के हिस्सा घेतला. निसान तेव्हा कर्जात बुडालेली होती. निम्म्याहून कमी हिस्सा असूनही सूत्रं रेनोच्या माणसाकडे, कार्लोस घोन यांच्याकडे आली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुनरुज्जीवनाचा आराखडा मांडला. पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, ही कलमं वर्तमानपत्रांत गाजली. व्हेंडरच्या कामाचं कलम वेगळं होतं : तीन वर्षांत खरेदीचा खर्च २० टक्क्यांनी खाली आणायचा आणि सुटे भाग व कच्चा माल देणारे १,१४५ पुरवठादार ६०० वर आणायचे. पुढच्याच आर्थिक वर्षात निसान नफ्यात आली. यादीत राहिलेल्यांना मोठ्या ऑर्डर मिळाल्या, पण अर्धी यादी बाहेर गेली.

मी खरेदी खात्यातच नोकरी केली, त्यामुळे हे कसं घडतं ते आतून पाहिलंय. ताबा मिळाला की दोन्ही कंपन्यांचे रेट एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडले जातात. तोच पार्ट, तेच वजन, तेच मटेरियल, एकीकडे ४१२ रुपये आणि दुसरीकडे ३७५. दुसऱ्या दिवशी ४१२ वाल्याला मेल जाते. गाडीची किंमत वाढवणं बाजाराच्या हाती असतं, कामगार कमी करायला वेळ लागतो, नवीन मॉडेलला वर्षं लागतात. खरेदीत मात्र पहिल्या तिमाहीतच बचत दाखवता येते. म्हणून कात्री आधी तिथं लागते.

आता तुमचा ब्रॅकेट. पत्रातली हीच ओळ मी सगळ्यांत काळजीने वाचली. एक नग हातात घ्या. एका बाजूला इंजिनाला बसणारी भोकं आहेत, दुसऱ्या बाजूला चेसिसकडची. इंजिनाकडच्या भोकांचं अंतर त्या एका इंजिनापुरतंच असतं. प्रतिस्पर्धी कंपनी ताबा घेते तेव्हा दोघांकडेही साधारण सारख्याच ताकदीची इंजिनं असतात, आणि दोन-दोन इंजिनं सांभाळणं हा सगळ्यांत महाग उद्योग असतो. किया १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली, १९९८ मध्ये ह्युंदाईने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे दोघींनी गाडीचा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स एकत्र वापरायला सुरुवात केली. सांगलीच्या रस्त्यावर आज क्रेटा आणि सेल्टॉस शेजारी उभ्या राहिल्या तर चेहरे वेगळे दिसतात, आतली बरीच यंत्रणा एकच आहे. तुमच्या गाडीत उद्या नव्या मालकाचं इंजिन बसलं तर बॉनेट, दरवाजे, बंपर करणाऱ्यांचं काम चालू राहील. माउंटिंग ब्रॅकेट मात्र पहिल्या झटक्यात जाईल. कंपनी बंद पडायचीही गरज नाही.

म्हणून ड्रॉइंग काढा आणि बघा, तुमचा ब्रॅकेट कोणत्या इंजिनाचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे. ते इंजिन तिथंच तयार होतं की बाहेरून येतं? मॉडेल बाजारात येऊन किती वर्षं झाली? हे तुमच्या चाकणच्या व्हेंडरच्या क्वालिटीवाल्यांनासुद्धा माहीत असतं. मिस्टरांनी एकदा समोरासमोर बसून विचारावं, अशा गोष्टी फोनवर कुणी बोलत नाही.

सगळीकडे असंच होतं असंही नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही. २००७ मध्ये महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्सचा ताबा घेतला तेव्हा त्या कंपनीचा स्वराज ट्रॅक्टर हा महिंद्राचा सरळसरळ प्रतिस्पर्धी होता. स्वराज आता संपला, असं त्या वेळी अनेकांना वाटलं. कंपनी २००९ मध्ये विलीन झाली, पण नाव, रूप, विक्रेते वेगळे राहिले. आज उसाच्या हंगामात इस्लामपूर-आष्ट्याच्या रस्त्यावर लाल महिंद्रा आणि निळा स्वराज एकामागोमाग एक ट्रॉल्या ओढताना दिसतात. शेतकऱ्याची त्या नावावर निष्ठा होती आणि नव्या मालकाने ती ओळखली. तुमच्या कंपनीच्या गाडीलाही असं हक्काचं गिऱ्हाईक असेल तर इंजिन बदलायची घाई होणार नाही. मालकाची पहिली सहा महिन्यांतली निवेदनं नीट वाचा. ‘वेगळा ब्रँड’ हे शब्द सगळेच वापरतात. इंजिन, प्लॅटफॉर्म आणि खरेदी यांबद्दल काय म्हटलंय तेवढं शोधा.

तुमच्याकडे वेळ किती? घोषणा झाली की लगेच ताबा मिळत नाही. स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते, कंपनी शेअर बाजारात असेल तर खुली ऑफर असते, म्हणजे इतर भागधारकांचेही शेअर्स घ्यायची तयारी दाखवावी लागते. ट्रक-बस बनवणाऱ्या एसएमएल इसुझूचा ५८.९६ टक्के हिस्सा घेत असल्याचं महिंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ताबा ऑगस्टमध्ये आला. तुम्हालाही असे काही महिने मिळतील, आणि ते कागदं नीट करण्यात घालवायचे आहेत. हे काम तुमचं आहे ताई, मिस्टरांचं नाही, आणि तुमच्या पत्रातल्या हिशेबावरून ते तुम्हाला चांगलं जमेल असं दिसतं.

पहिलं म्हणजे चाकणवाल्यांकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन घ्या. त्यांच्या पुस्तकात तुमचे किती येणे आहेत, कोणत्या डेबिट नोटा लावल्यात, रिजेक्शनचे किती कापलेत, सगळं त्यात यायला हवं. बाकी वादाची असेल तर आजच वाद घाला. माणसं बदलल्यावर जुनं रिजेक्शन कुणी मान्य करणार नाही आणि नाकारणारही नाही, फाईल नुसती पडून राहील. लेखी कबुली असली की दाव्याची मुदतही त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.

मग फिक्स्चर आणि टूलिंग, म्हणजे या पार्टसाठी खास बनवलेली पकड आणि हत्यारं. त्यांचा खर्च कुणी केला? एकरकमी मिळाला असेल तर ती त्यांची मालमत्ता, तशी यादी करून ठेवा. नगामागे थोडा थोडा वसूल करायचा ठरला असेल तर किती नगांवर ठरला, किती गेले आणि किती राहिले याचा एक कागद करून त्यांना मेल करा. मॉडेल मध्येच बंद झालं तर उरलेल्या नगांचा खर्च तुमच्या अंगावर पडतो आणि तो मागायला त्या कागदाशिवाय दुसरं काही नसतं. स्टॉकचंही तसंच आहे. तुमची ऑर्डर ओपन पीओ (खुली खरेदी ऑर्डर) असणार, म्हणजे संख्येची हमी नाही. येत्या महिन्याचं शेड्यूल पक्कं आणि पुढचे महिने अंदाजाचे असतात. अंदाजावर कास्टिंग मागवू नका. रॅकमध्ये उभे असलेले मशीन केलेले ब्रॅकेट दुसऱ्या कुठल्याही गाडीला बसणार नाहीत, ते भंगाराच्या भावानेच जातील.

पेमेंटच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूला आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर आजच करा, कारण नोंदणीनंतर दिलेल्या मालालाच संरक्षण मिळतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकरातही अशी तरतूद आली आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. त्यामुळे मार्चच्या आधी पाठवलेल्या, उद्यम क्रमांक घातलेल्या एका साध्या आठवणीच्या पत्राला वजन असतं. तक्रार केली तर काम काढून घेतील ही भीती खोटी नाही, आणि थकलेल्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत लगेच जा असं मी सांगणार नाही. त्याआधी चाकणवाल्यांना ट्रेड्सबद्दल, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल विचारा. तिथं त्यांनी तुमचं बिल मान्य केलं की बँक काही दिवसांत व्याज कापून पैसे देते आणि पुढे ते बुडवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. व्याज थोडं जाईल, पण जोखीम तुमच्या डोक्यावरून उतरेल. सध्या तुम्हाला त्याचीच गरज आहे.

मिस्टरांचं म्हणणं, काम सोडावं. मला तेही घाईचं वाटतं. ७० टक्के काम एका दिवसात सोडलं तर ९ कामगारांचा पगार कुठून देणार? शिवाय नवा मालक आल्यावर यादीत टिकणाऱ्यांतही तुम्ही असू शकता. त्यासाठी आधीच एक गोष्ट करा. नव्या मालकाच्या गाडीचा माउंटिंग ब्रॅकेट स्पेअरच्या दुकानातून विकत आणा. टेबलावर मोजा. तुमच्या मशीनच्या बेडवर बसतो का, किती सेटिंगमध्ये होईल, टॅपिंग कोणतं, सायकल टाइम किती येईल, कास्टिंग कुपवाड-मिरजेच्या कोणत्या फौंड्रीत मिळेल, हे सगळं काढून कोटेशन तयार ठेवा. चाकणवाला व्हेंडर स्वतःच धास्तावलेला असणार, कारण त्याचाही रेट त्या तक्त्यात जाणार आहे. त्याच्यासमोर तयार आकडा ठेवणारा मशीनशॉपवाला त्याला हवाच असतो.

आणि कॉस्ट-डाउनचं, म्हणजे रेट कमी करा असं सांगणारं पत्र आलं तर सरसकट पाच-दहा टक्क्यांवर सही करू नका. तुमचा खरा खर्च किती ते आधी काढा : विजेचं बिल, इन्सर्ट, कूलंट, रिजेक्शन, चाकणचं भाडं. मग टक्क्यांऐवजी सूचना द्या. कास्टिंगवर मशीनिंगसाठी तीन मिलिमीटर सोडलेत, दोन चालतील का? एक फेस प्रत्यक्षात कुठंच टेकत नाही, तो मशीन करायचा कशाला? अशी सूचना मान्य झाली तर रेट कमी करूनही तुमच्या खिशातून काही जात नाही. मिस्टरांना असे चार मुद्दे नक्की माहीत असतील, मशीनवर रोज उभा राहणाऱ्याला ते दिसतातच.

त्याबरोबर ७० टक्क्यांचा हा आकडा खाली यायला हवा. आपला भाग त्या बाबतीत भाग्यवान आहे. किर्लोस्करवाडीच्या परिसरात पंपांचं काम आहे, ट्रॅक्टरच्या अवजारांचे कारखाने आहेत, साखर कारखान्यांची दुरुस्ती आहे. यांत नग कमी, पण इंजिन बदललं म्हणून संपणारं हे काम नाही. वर्षाअखेरीस निम्म्यावर आलात तरी झोप लागेल. माझ्या साताऱ्यात एमआयडीसीतल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये एकेकाळी प्रिया स्कूटर बनायची, बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांची ती भागीदारी. महामंडळाचा २७ टक्के हिस्सा बजाजने किती किमतीला घ्यायचा यावर वाद झाला, २००६ मध्ये लवादाने शेअरमागे १५१.६३ रुपये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल २०१९ मध्ये लागला. तोवर गिअरच्या स्कूटरचा बाजारच उरला नव्हता. वर शेअर्सचं काय चाललंय याकडे डोळे लावून बसलेल्या छोट्या कारखानदाराला मी हे नेहमी सांगते.

तिसरी व्हीएमसी कायमची नको असं मात्र नाही. नव्या मालकाच्या खरेदी खात्याकडून किंवा चाकणवाल्यांकडून मॉडेलचं नाव, इंजिन आणि वर्षाचे नग लिहिलेलं पत्र येऊ द्या. आधी आहेत त्या दोन मशीन तिसऱ्या पाळीत चालवून बघा, वरचं काम कुपवाडमधल्याच शेजारच्या शॉपला जॉबवर्कला द्या. सलग काही महिने माल गेला आणि पैसे ४५ दिवसांत आले, तर मशीन तिच्याच तारणावर घ्या. बाग त्यात आणू नका. भाऊजींनी मार्केटिंगचा पुढाकार घ्यावा, पंपवाल्यांकडे आणि ट्रॅक्टरवाल्यांकडे जाऊन यावं. त्यांच्यात ती धडाडी आहे.

राहता राहिले सासऱ्यांचे शेअर्स. सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार २५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा, किंवा ताबा घेणाऱ्याला इतर भागधारकांसाठी आणखी २६ टक्क्यांची खुली ऑफर द्यावी लागते. तिची किंमत सूत्राने ठरते, त्यामुळे ती मोठ्या विक्रेत्याला मिळालेल्या भावापेक्षा वेगळी असू शकते. एसएमएल इसुझूच्या व्यवहारात हिस्सा विकणाऱ्या मोठ्या भागधारकांना शेअरमागे ६५० रुपये मिळाले आणि खुल्या ऑफरची किंमत होती १,५५४.६० रुपये. ऑफरचं पत्र येईल ते फेकू नका, त्या दिवशीचा बाजारभाव शेजारी ठेवून बघा. फार जणांनी शेअर्स दिले तर प्रमाणातच घेतले जातात, बाकीचे परत येतात. शेअर्स अजून कागदी असतील तर आधी डीमॅट करून घ्या, नाहीतर बाजारात विकता येणार नाहीत. विकायचे की ठेवायचे ते सासऱ्यांनाच ठरवू द्या. आणि विकलेच तर ते पैसे शॉपच्या हप्त्यात वळवू नका, ते त्यांच्या म्हातारपणाचे आहेत.